राज्यांची पोलीस दले आणि नवे तंत्रज्ञान : परीक्षा एकाने घ्यावी की प्रत्येकाने?

दीपमाळ

घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे जितकी राज्ये तितकी दले, आणि प्रत्येक दलाचा अर्थसंकल्प, खरेदी समिती व न्यायवैद्यक प्रयोगशाळाही वेगळी. गुन्हेगार मात्र हद्द पाळत नाहीत, आणि विज्ञान तर मुळीच पाळत नाही. डीएनए तपासणीचे शास्त्र नागपुरात एक आणि रायपुरात दुसरे असू शकत नाही.

हा प्रश्न आत्ताच मांडण्याचे कारण म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्या कामाचे चित्रीकरणही व्हायचे आहे. ही तरतूद कधीपासून अमलात आणायची ती तारीख प्रत्येक राज्याने पाच वर्षांच्या आत अधिसूचित करायची असून, ज्या राज्याकडे सोय नसेल त्याने ती उभी राहीपर्यंत दुसऱ्या राज्याची सोय वापरण्याची मुभा कायद्यातच आहे. याचा अर्थ असा की येत्या काही वर्षांत बहुतेक राज्ये साधारण एकाच सुमारास फिरत्या प्रयोगशाळा, कॅमेरे, तपासणी किट आणि सॉफ्टवेअर घेणार.

अशा वेळी एखादे उपकरण किंवा पद्धत खरोखर काम करते का, याची परीक्षा कोणी घ्यावी? प्रत्येक दलाने आपापली, की एखाद्या मध्यवर्ती संस्थेने सर्वांसाठी एकदाच? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. मतभेद असतील तर कारणांसह वाचायला आवडेल.

सांजवारा

दुसऱ्या पर्यायाशी पूर्ण सहमत. पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरो 1970 पासून अस्तित्वात आहे, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ 2020 मध्ये स्थापन झाले आहे. तज्ज्ञ तिथे आहेत, उपकरणे तिथे आहेत. मग प्रत्येक राज्याने तोच खर्च पुन्हा का करावा? बोटांच्या ठशांची पद्धतही देशात कलकत्त्याच्या एका ब्यूरोतूनच सर्वत्र गेली, हे विसरता कामा नये.

गारगोटी

सांजवारा यांचा दाखला त्यांच्याच मुद्द्याच्या विरुद्ध जातो असे मला वाटते. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा ब्यूरो सुरू झाला तो बंगाल प्रांताच्या पोलीस दलाच्या पुढाकाराने. एडवर्ड हेन्री हे त्या प्रांताचे पोलीस महानिरीक्षक होते आणि वर्गीकरणाचे गणित बसवणारे अझिझुल हक व हेमचंद्र बोस हे त्यांच्या हाताखालचे अधिकारी. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत 1901 मध्ये उचलली. म्हणजे एका प्रांताच्या दलाने आपल्या गरजेपोटी शोध लावला आणि साम्राज्याच्या राजधानीने तो मागाहून घेतला.

डीएनएचेही तसेच. अॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये लेस्टर विद्यापीठात ती पद्धत शोधली आणि तिचा पहिला मोठा वापर शेजारच्याच लेस्टरशायर पोलिसांनी केला. त्या खुनांच्या तपासात पहिला परिणाम असा झाला की कबुली दिलेला तरुण निर्दोष ठरला. खरा आरोपी पुढे सापडला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. ब्रिटनचा राष्ट्रीय डीएनए संग्रह त्यानंतर 1995 मध्ये उभा राहिला. सगळे केंद्रातूनच व्हावे असा नियम असता तर लेस्टरशायरच्या अधिकाऱ्याला आधी मंजुरीची नस्ती फिरवावी लागली असती.

कारकून_नं_दोन

नस्ती अजून फिरत असती, एवढीच पुरवणी जोडतो.

अक्षांश

गारगोटी यांनी सुरुवातीचा भाग सांगितला, पण दलांनी आपापले काम केले की काय होते त्याची दुसरी बाजूही ब्रिटनमध्येच सापडते. इंग्लंड आणि वेल्स मिळून 43 प्रादेशिक दले आहेत. 1975 ते 1980 या काळात यॉर्कशायर आणि मँचेस्टर परिसरात 13 स्त्रियांचे खून झाले. पीटर सटक्लिफ या आरोपीची त्या काळात पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती, तरी तो सुटत राहिला. जानेवारी 1981 मध्ये तो सापडला तोही एका साध्या गस्तीत. माहिती नव्हती असे नाही. ती हजारो कार्डांवर हाताने लिहिलेली होती आणि एका कार्डावरचे नाव दुसऱ्या कार्डावरच्या नावाशी जोडण्याची सोय नव्हती.

त्यातून मोठ्या तपासांसाठी ‘होम्स’ नावाची संगणक प्रणाली आली. गंमत पुढे आहे. निरनिराळ्या दलांनी ती निरनिराळ्या पुरवठादारांकडून घेतली, त्यामुळे संगणक आले तरी दोन दलांचे तपास एकमेकांना जोडताना अडचण यायचीच. सर्वांसाठी एकच दुसरी आवृत्ती येईपर्यंत शतक संपत आले.

दलांमधील अशाच दरीचा दुसरा पुरावा 2002 च्या सोहम खून प्रकरणात मिळाला. आरोपीविषयी पूर्वीच्या तक्रारींची माहिती हंबरसाइड पोलिसांच्या हद्दीतली होती, आणि त्याला शाळेत नोकरी मिळाली ती केंब्रिजशायरमध्ये. 2004 च्या बिचर्ड चौकशीने या त्रुटींवर बोट ठेवले आणि राष्ट्रीय पोलीस माहितीसाठ्याची शिफारस तेव्हा झाली. म्हणून मला दीपमाळ यांचा प्रश्न थोडा बदलावासा वाटतो. शोध कुठेही लागो. माहितीचा नमुना मात्र सर्वांचा एक हवा.

शंकेखोर

मग एवढी दले ठेवायचीच कशाला? नेदरलँड्सने 2013 मध्ये 25 प्रादेशिक दले मोडून एक राष्ट्रीय दल केले. त्याच वर्षी स्कॉटलंडनेही आठ दलांचे एक केले. प्रश्नच मिटला.

अक्षांश

प्रश्न मिटत नाही, शंकेखोर. स्कॉटलंडच्या एकत्र झालेल्या दलाने सर्व जुन्या नोंदप्रणालींच्या जागी ‘आय-सिक्स’ नावाची एकच प्रणाली आणायचे ठरवले होते. तो प्रकल्प 2016 मध्ये रद्द करावा लागला. पोलिसांना काय हवे आहे आणि कंत्राटदाराने काय द्यायचे कबूल केले आहे, यावर दोघांचे एकमत कधी झालेच नाही. दल एक झाल्याने गरज आपोआप स्पष्ट होत नाही. आपल्याकडे तर विलीनीकरणासाठी राज्यसूचीलाच हात घालावा लागेल, तेव्हा तो पर्याय या चर्चेपुरता बाजूला ठेवलेला बरा.

मुद्देमाल

मी अनेक वर्षे शासकीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जीवशास्त्र विभागात काम करून निवृत्त झालो. कोणत्या ते सांगत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. इथे सर्वजण यंत्रांविषयी आणि संगणकांविषयी लिहीत आहेत, म्हणून टेबलावर प्रत्यक्ष काय येते ते सांगतो.

पोलीस ठाण्यातला हवालदार मुद्देमालाचे पुडके घेऊन येतो. सोबत पत्र असते, त्यावर लाखेच्या सीलचा नमुना असतो. आम्ही आधी पुडक्यावरचे सील त्या नमुन्याशी जुळवतो, मग पत्रातले वर्णन आतल्या वस्तूशी. सील जुळले नाही किंवा पत्रात ‘चौकडीचा शर्ट’ असून आत रेघांचा निघाला, तर पुडके परत आणि हवालदारही परत. हे सर्व जुळले, आणि उघडल्यावर दिसते काय, तर रक्ताने भिजलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला. आठ-पंधरा दिवस तो मुद्देमाल खोलीत पडून असतो. आत बुरशी धरलेली असते, वास येतो आणि डीएनए कुजून गेलेला असतो. पुढे आमच्याकडे जगातले उत्तमातले उत्तम यंत्र असले तरी सी.ए. रिपोर्टमध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) ‘निष्कर्ष काढता आला नाही’ एवढेच लिहावे लागते, आणि न्यायालयात त्याचा फायदा कोणाला होतो हे सांगायला नको.

यावर उपाय काय? कपडा सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. इतकेच. प्रयोगशाळेच्या दृष्टीने कागदी पाकीट हे तपासातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तंत्रज्ञान आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही आणि त्याचे टेंडरही फारसे मोठे निघत नाही.

आता दीपमाळ यांच्या प्रश्नाकडे येतो. ‘एकाने की प्रत्येकाने’ अशी निवड प्रयोगशाळांच्या जगात नसतेच, कारण तिथे परीक्षा दोन पातळ्यांवर होते. पहिली पद्धतीची : हे रसायन, हे किट मुळात जे दाखवते म्हणून सांगतात ते दाखवते का, किती कमी नमुन्यावर चालते, कशाने फसते. ही एकदाच आणि नीट व्हावी. दुसरी तुमच्या हातातल्या वापराची : तेच किट तुमच्या यंत्रावर, तुमच्या खोलीच्या तापमानात, तुमच्या कर्मचाऱ्याच्या हातून तोच निकाल देते का. ही दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी करून देऊ शकत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आयएसओ 17025 या मानकावर दिले जाते, त्यातही ही जबाबदारी प्रयोगशाळेवरच आहे. पहिली परीक्षा प्रत्येकाने करणे हा अपव्यय आहे आणि दुसरी कोणीच न करणे हा धोका आहे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी होताना मी पाहिल्या आहेत.

रोहिणी_म.

मुद्देमाल यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. एक विचारते : ठाण्यातल्या लोकांना हे पाकिटाचे कोणी शिकवत नाही का?

मुद्देमाल

शिकवतात, रोहिणीताई. प्रशिक्षण केंद्रात शिकवतात, परिपत्रकेही निघतात. पण शिकलेला अंमलदार बदलीने वाहतूक शाखेत जातो, त्याच्या जागी येणाऱ्याला ते पाठ नसते, आणि ठाण्याच्या कपाटात कागदी पाकिटे संपलेली असतात. ती मागवायची कोणत्या लेखाशीर्षातून, हा स्वतंत्र विषय आहे.

सांजवारा

पाकिटाचे ठीक, पण मूळ मुद्दा त्याने सुटत नाही. मध्यवर्ती पारख नसेल तर राज्याराज्यांतील अधिकाऱ्यांना कोणीही काहीही विकू शकेल. इराकचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेलच.

पाटीपेन्सिल

मला ठाऊक नाही. लिहाल का?

सांजवारा

अवश्य. एडीई 651 नावाचे स्फोटकशोधक यंत्र एका ब्रिटिश व्यावसायिकाने इराकसह अनेक देशांना विकले. हातात धरायची मूठ आणि तिला लावलेली फिरती अँटेना, एवढाच तो प्रकार. आत काम करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक भाग नव्हते. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका गमतीच्या वस्तूवरून तो बनवला होता. बगदादच्या नाक्यांवर पोलीस ते हातात धरून गाड्या तपासत आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे जात. ब्रिटनने 2010 मध्ये निर्यातीवर बंदी घातली, 2013 मध्ये विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. एका साध्या चाचणीत हे उघड झाले असते : दहा खोकी, एकात स्फोटक, आणि यंत्र चालवणाऱ्याला ते कोणत्या खोक्यात आहे हे ठाऊक नाही. अशी चाचणी खरेदीपूर्वी सक्तीची असावी, आणि ती घेणाऱ्या संस्थेचा त्या खरेदीशी काही संबंध नसावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

गारगोटी

हे मान्य. पण मध्यवर्ती किंवा मोठी प्रयोगशाळा म्हणजे कसोटीची खात्री, असे समजू नका. मेंदूलहरींवरून आरोपीला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य’ आठवण आहे का हे सांगणारी चाचणी आपल्याकडे शासकीय प्रयोगशाळांतच वापरली जात होती, आणि 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना ती विचारात घेतली. त्या चाचणीला शास्त्रज्ञांमध्ये व्यापक मान्यता नव्हती. शेवटी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय दिला. तोही मुख्यतः घटनेच्या अनुच्छेद 20(3) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही) आणि 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांच्या आधाराने. शास्त्र म्हणून ती कसोटीला उतरते का, हे काम न्यायालयावर यायलाच नको होते. ते आधी कोणी तरी करायला हवे होते, आणि सर्व संस्था असूनही ते झाले नाही.

रोहिणी_म.

मी वकिली करते, म्हणून न्यायालयाच्या बाजूचे एक निरीक्षण. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्याच अनुसूचीत आहे. त्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारी तिची अंकी खूण) व ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहायचे आहे. जुन्या कायद्यातल्या 65ब च्या प्रमाणपत्राचे शब्द प्रत्येक ठाणे आपापल्या पद्धतीने बसवत असे आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद चालले. ते प्रमाणपत्र अनिवार्य आहे यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते 2020 मध्ये, आणि तेही जालन्याच्या निवडणूक याचिकेतून वर गेलेल्या अपिलात. एक छापील नमुना सर्व राज्यांना मिळाल्याने जे साधले, ते अनेक महागड्या प्रणालींनी साधले नव्हते. अक्षांश ज्याला ‘माहितीचा नमुना’ म्हणतात ते हेच असावे.

शंकेखोर

म्हणजे पाकीट आणि छापील नमुना. विज्ञान-तंत्रज्ञानाचा धागा लेखनसामग्रीच्या दुकानाकडे निघाला आहे.

कारकून_नं_दोन

सरकारी कामकाज तिथूनच सुरू होते, शंकेखोर.

ध्रुवबाळ

मी माहिती तंत्रज्ञानातला आहे. पोलीस दलाच्या प्रणालींवर कंत्राटदाराच्या बाजूने काम केले आहे, म्हणून देशभरातील पोलीस ठाणी संगणकांनी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या प्रकल्पाविषयी थोडे. मुंबईवरील हल्ल्यानंतर, 2009 मध्ये केंद्राने त्यासाठी 2000 कोटी रुपये मंजूर केले. त्याआधीची ‘सीपा’ ही प्रणाली ठाण्याच्या संगणकापुरती होती. एका ठाण्याची नोंद दुसऱ्याला दिसत नसे. नव्या योजनेत गाभ्याचे सॉफ्टवेअर केंद्राने करून द्यायचे आणि राज्यांनी ते आपल्या भाषेला, आपल्या नमुन्यांना जुळवून घ्यायचे, अशी रचना होती. ज्यांच्याकडे आधीचीच चांगली प्रणाली होती, उदाहरणार्थ कर्नाटक, त्यांना ती ठेवून जोडणी करता आली. ही विभागणी कागदावर मला आजही योग्य वाटते.

अडचण निराळ्या ठिकाणी येते. यंत्रसामग्रीला आणि उभारणीला केंद्राचा निधी मिळतो; प्रकल्पाचा काळ संपला की नेटवर्कचे बिल, एएमसी (वार्षिक देखभालीचे कंत्राट), बॅटऱ्या आणि डेटा भरणारा माणूस हे सारे राज्याच्या अंगावर येते. पहिल्या वर्षी सगळे चालते. चौथ्या-पाचव्या वर्षी ठाणे अंमलदार आधी रजिस्टरमध्ये हाताने लिहितो आणि मग सवडीने संगणकावर भरतो, म्हणजे तंत्रज्ञानाने त्याचे काम कमी होण्याऐवजी दुप्पट झालेले असते. इथे तो अंमलदार आळशी आहे असे म्हणणे सोपे आहे. रजिस्टर बंद करण्याचा आदेश काढण्याची हिंमत वरच्या कोणी दाखवलेली नसते, हे खरे कारण आहे. नवे सुरू करण्याचा अधिकार अनेकांना असतो. जुने थांबवण्याचा कोणालाच नसतो.

अक्षांश

थांबवण्याच्या मुद्द्यावर एक जोड. अंगावरच्या कॅमेऱ्यांचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेत रिआल्टो या लहान शहरात झाला. प्रयोगात जेमतेम पन्नास-पंचावन्न अधिकारी, आणि निकाल इतके चांगले की जगभरात खरेदी सुरू झाली. पुढे वॉशिंग्टन शहराने दोन हजारांहून अधिक पोलिसांवर काटेकोर तुलना करून पाहिली; 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बळाचा वापर किंवा तक्रारी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ कॅमेरे निरुपयोगी असा मी काढत नाही, पुरावा म्हणून त्यांचा उपयोग निराळा आहे. पण एका दलातला निकाल दुसऱ्या दलात तसाच येईल असे गृहीत धरता येत नाही, आणि तो आला नाही तर तसे जाहीर सांगणारे दल विरळा. गारगोटी यांना हवी असलेली प्रांतांची मोकळीक आणि सांजवारा यांना हवी असलेली मध्यवर्ती पारख यांची गाठ इथे पडू शकते : प्रयोग राज्यांनी करावेत, आणि फसलेल्या प्रयोगांसह सर्वांची नोंद एका ठिकाणी सक्तीने व्हावी.

गारगोटी

सक्ती कोण करणार? राज्यांवर नोंदीची सक्ती म्हणजे पुन्हा तीच सातवी अनुसूची.

ध्रुवबाळ

निधीच्या अटीतून. आधुनिकीकरणाच्या केंद्रीय योजनेतून पैसे घेताना राज्ये खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र देतातच. त्यात पैसे खर्च झाले की नाही एवढेच कळते; वस्तू चालते की नाही हे कळत नाही. तोच कागद एका पानाने वाढवावा.

दीपमाळ

सर्वांचे आभार. माझा मूळ प्रश्न ‘एकाने की प्रत्येकाने’ असा होता. मुद्देमाल यांच्या उत्तरानंतर तो त्या रूपात विचारण्यात अर्थ उरत नाही. पद्धतीची परीक्षा एका ठिकाणी आणि वापराची प्रत्येक ठिकाणी, हे मला पटले. मात्र ध्रुवबाळ म्हणतात त्या वाढीव पानावर नेमके काय विचारावे? मुद्देमाल, तुमच्या विभागापुरते सांगू शकाल का?

मुद्देमाल

माझ्या विभागापुरते चार-पाच प्रश्न पुरतील. यंत्र आले त्या तारखेनंतर पहिला अहवाल किती दिवसांनी बाहेर पडला? गेल्या वर्षी ते किती दिवस बंद होते आणि कशामुळे : रसायन संपले, दुरुस्ती थकली की चालवणारा बदलून गेला? ते चालवू शकणारी किती माणसे सध्या नेमणुकीवर आहेत? किती नमुने निष्कर्षाविना परत गेले, आणि त्यांपैकी किती वेष्टनाच्या दोषामुळे?

शेवटचा आकडा प्रयोगशाळेकडे नोंदींत असतोच. तो ठाण्यापर्यंत, त्या ठाण्याच्या नावासह, दर महिन्याला गेला पाहिजे. आम्ही तसे पाठवून पाहिले होते. दोन महिन्यांनी वरून विचारणा आली की ही माहिती पाठवण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे.

सांजवारा

मग तुम्ही काय उत्तर दिले?

मुद्देमाल

ती नस्ती माझ्या निवृत्तीच्या दिवशीही प्रलंबित होती. तोवर आम्ही सी.ए. रिपोर्टच्या पाठपत्रात ‘नमुना ओल्या अवस्थेत प्लास्टिकमध्ये प्राप्त’ असे ठळक लिहायला सुरुवात केली, कारण पाठपत्राला कोणाची परवानगी लागत नाही.